जुनी भट्टी आधी विझवायची, की नवी पेटल्यावर?

भट्टीकर
३० सप्टेंबर २०२४ ला ब्रिटनमध्ये एकाच दिवशी दोन गोष्टी थांबल्या. रॅटक्लिफ-ऑन-सोर हे देशातलं शेवटचं कोळशावरचं वीजकेंद्र, आणि वेल्समध्ये पोर्ट टॅल्बटला टाटा स्टीलची शेवटची झोतभट्टी (कोक म्हणजे भाजलेला कोळसा जाळून खनिजातून लोखंड काढणारी). कोळशाची वीज बंद करणार हे सरकारने २०१५ मध्येच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे रॅटक्लिफच्या माणसांना जवळपास नऊ वर्षं मिळाली. पोर्ट टॅल्बटला जानेवारी २०२४ मध्ये २,८०० पर्यंत नोकऱ्यांवर गदा येणार असं जाहीर झालं आणि त्याच वर्षी भट्ट्या थंड! विजेवरची नवी भट्टी सुरू होणार २०२७ च्या अखेरीस किंवा २०२८ च्या सुरुवातीला. मधली तीन वर्षं कामगाराने काय करायचं? नवी चालू होईपर्यंत जुनी चालवा, तोटा सरकारने सोसावा, असं माझं स्पष्ट मत.

आकडेमोड
साफ असहमत. वीजकेंद्र बंद पडलं तर वीज दुसऱ्या केंद्रातून येते. पोलाद कारखान्याचं तसं नाही, ही तुलनाच लंगडी आहे. कंपनी दिवसाला दहा लाख पौंडांहून जास्त तोटा सांगत होती. कोक ओव्हन (कोळशाचा कोक बनवणाऱ्या भट्ट्या) तर इतके जीर्ण की मार्चमध्येच बंद करावे लागले. एक भट्टी २०३२ पर्यंत चालवायचा प्रस्ताव युनियननी दिला होता, तो परवडत नाही म्हणून कंपनीने नाकारला. सरकारने ५० कोटी पौंड दिलेच आहेत. करदात्याने आणखी किती ओतायचे? वर्षाला सुमारे ५० लाख टन कार्बन डायऑक्साइड वाचणार, तेही विसरू नका.

भट्टीकर
तोट्याचा आकडा कंपनीचा, प्रस्ताव नाकारणारी कंपनी, पैसे मात्र सरकारचे. बरं आहे!

दूरस्थ
कार्बन वाचणार म्हणजे कुणाच्या हिशेबात? पोर्ट टॅल्बटची रोलिंग मिल (पोलाद लाटून पत्रा करणारी) चालूच आहे, फक्त स्लॅब, म्हणजे पोलादाचे जाड ठोकळे, आता बोटीने बाहेरून येतात. ते ज्या भट्टीत बनतात तिथला धूर ब्रिटनच्या वहीत लिहिला जात नाही, एवढंच. त्याच सप्टेंबरमध्ये टाटांनी ओडिशात कलिंगनगरला भारतातली सर्वात मोठी झोतभट्टी सुरू केली. दोन निर्णयांचा थेट संबंध नाही, मान्य. पण जगाच्या हवेला सरहद्द कळत नाही.

पत्रेवाला
रोलिंगमध्ये आयुष्य गेलं म्हणून लिहितो. विजेची भट्टी भंगारावर चालते, आणि ब्रिटनमध्ये भंगाराला तोटा नाही, उलट बोटी भरभरून निर्यात होतं. अडचण वेगळीच. भंगारात मोटारींच्या तारांचं तांबं मिसळून येतं आणि वितळल्यावर ते बाहेर काढता येत नाही. प्रमाण वाढलं की गरम पट्टी रोलमधून जाताना पृष्ठभागावर बारीक चिरा पडतात. बांधकामाच्या सळईला खपून जातं, पण डब्याचा पत्रा किंवा गाडीचं दार? तिथे निवडलेलं, साफ भंगार लागणार किंवा कच्चं लोखंड मिसळावं लागणार. म्हणजे भंगार निवडणारे, कापणारे, तपासणारे हात लागतात. ही माणसं आजपासून तयार करा म्हटलं तर कुणी ऐकत नाही. सगळं लक्ष भट्टीच्या फोटोंकडे.

सावध
भट्टीकरांशी अर्धा सहमत. इंग्लंडमध्ये स्कनथॉर्पच्या पोलाद कारखान्यात काय झालं ते बघा. मालक चिनी कंपनी, कच्चा माल संपत आलेला, आणि एप्रिल २०२५ मध्ये शनिवारी संसद भरवून, कारखाना चालू ठेवायचा अधिकार सरकारला देणारा कायदा करावा लागला. कोकिंग कोल (कोक बनवायचा कोळसा) पोचला नसता तर क्वीन ॲन आणि क्वीन बेस या भट्ट्या थंडावल्या असत्या. आतलं लोखंड एकदा गोठलं की पुन्हा पेटवणं महाकर्मकठीण. वेळेत ठरवलं नाही की घाईत पैसे जातात, ते असे.

नव्या विजेच्या बाजूलाही तेच. २०२३ च्या सरकारी लिलावात (कंपन्या विजेच्या दराची बोली लावतात) समुद्रातल्या पवनऊर्जेला कमाल दर मेगावॉटतासाला ४४ पौंड ठेवला (२०१२ च्या किमतीत). एकही बोली आली नाही! पुढच्या वर्षीच्या लिलावासाठी तो ७३ केला. मधल्या वर्षात टर्बाइनचे खांब बनवणाऱ्याने ऑर्डर कुठून आणायची?

आकडेमोड
म्हणजे सरकारला दर ठरवता येत नाही, आणि त्याच सरकारने भट्टी चालवावी?

भट्टीकर
चालवू नये, कामगारांचे पगार भरावेत. आणि त्या २,८०० मध्ये कंत्राटदारांची माणसं धरलेलीच नाहीत. भट्टीच्या आतल्या विटा बदलणारे, क्रेनवाले, वाहतूकवाले यांचा आकडा तुमच्याकडे असेल तर टाका, मग परवडतं की नाही ते बोलू.