विजयदुर्गाकडचं बंद घर : विकावं की राखावं? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या चौघांची चर्चा)

पडवी : विजयदुर्गासारख्या आडबाजूच्या बंदरगावातलं जांभ्याचं, मंगलोरी कौलांचं घर वर्षातले अकरा महिने कुलूपबंद असेल, तर ते विकून टाकावं, असं माझं ठाम मत आहे. वानर छपरावर उडी मारतं, एक कौल सरकतं आणि सगळा पावसाळा पाणी वाशाच्या टोकाशी मुरतं. मधे वासा धडधाकट दिसतो. भिंतीवर टेकलेलं टोक बोटानं दाबलं की भुसा हातात येतो. पूर्वी चुलीचा धूर माळ्यावर चढायचा, त्यानं वाळवी आणि भुंगा लांब राहायचे. आता तो धूर नाही. छप्पर आहे तोवरच किंमत आहे.

चिरेबंदी : अजिबात पटलं नाही. छप्पर एप्रिल-मेमध्ये दरवर्षी परतून घेतलं, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा नीट बसवली, तर ही वेळ येत नाही. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौलं बसतात, म्हणजे हजार फुटांच्या छपराला दीड हजार. शंभरेक जुनी कौलं पडवीत रचून ठेवाच. वेगळ्या कारखान्याच्या कौलाची खाच जुळत नाही, आणि गळती तिथूनच सुरू होते. वाशांच्या टोकांना काजूच्या टरफलांचं तेल लावा. पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधा. जांभ्यावर सिमेंटचा गिलावा मात्र करू नका. चिरा सच्छिद्र असतो, ओल आत कोंडते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. चुनाच हवा.

सातबारा : विकायचं म्हणता, पण विकणार कोण? आजोबांच्या नावावरचा उतारा असेल तर आधी वारस नोंद करून फेरफार, म्हणजे उताऱ्यावरच्या नावबदलाची नोंद, मंजूर व्हायला हवा. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, त्यामुळे लग्न होऊन गेलेल्या आत्या-बहिणींना वगळून केलेला व्यवहार पुढे अडकतो. हक्कसोडपत्र करायचं तर ते नोंदणीकृतच हवं. एकट्यानं आपला हिस्सा बाहेरच्याला विकला, तरी राहत्या घराचा ताबा त्या परक्याला कुटुंबासोबत मागता येत नाही (मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम 44). असा हिस्सा कोण घेईल? आणि घराभोवतीची आंब्याची बाग शेतजमीन म्हणून लागलेली असेल, तर कुळकायद्याच्या कलम 63 मुळे परवानगीशिवाय ती शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही. घराच्या नोंदीचं घरपत्रक वेगळं, जमिनीचा सातबारा वेगळा. दोन्ही काढा, मग भाव बोला.

भरतीरेषा : पडवी, तुमच्याच मुद्द्यावरून मी उलट म्हणेन. समुद्रालगतच्या ग्रामीण पट्ट्यात, भरतीरेषेपासून ठरावीक अंतरात नवं बांधकाम बंद आहे. विरळ वस्तीच्या गावांत हे अंतर 200 मीटर. तिथलं जुनं अधिकृत घर मात्र आहे त्याच जोत्यावर दुरुस्त करता येतं. म्हणजे तिथे मोल उभ्या घराला आहे, आणि जमिनीच्या भावानं ते देणं म्हणजे फुकट घालवणं. हे बंधन घालणारी पहिली किनारा नियमन अधिसूचना 19 फेब्रुवारी 1991 ची. त्याआधीच्या घरपट्टीच्या पावत्या, ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा जपून ठेवा. भिंती कोसळल्या आणि कागदही नसले, तर तिथे घर होतं हे दाखवणार कशावरून?

पडवी : हे मान्य. पण खर्च एकानं करायचा आणि वाटणीला नऊजण, यानंच घरं पडतात. चिरेबंदींनी गड्याची मजुरी कोण देणार ते सांगितलं नाही. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळानं या किनाऱ्यावर घरांची कौलं उडवली, तेव्हा जून तोंडावर होता. गावात माणूस नाही, तर कौलं लावणार कोण?

सातबारा : म्हणूनच दुरुस्तीआधी सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्यांचा साधा करार करावा : कोण किती घालणार, ते पैसे वाटणीत कसे वळते होणार. बिलं त्याच फाईलीत. पुढे विकायची वेळ आली तर याच बिलांवरून हिशेब होतो.

चिरेबंदी : गड्याला मजुरी आगाऊ द्या आणि किल्ली गावातच शेजाऱ्याकडे ठेवा, मुंबईत नको. महिन्यातून एकदा दारं-खिडक्या उघडून चूल पेटवली तरी घराला पुष्कळ.