‘किती जण आले प्रभूकडे?’ : घरच्या ग्रुपवरची शुक्रवार रात्र

भाऊकाका: सर्वांना सलाम. येत्या रविवारी चर्चमध्ये मंडळीपुढे ताईची साक्ष वाचायची आहे. पाळकसाहेबांनी १० मिनिटं दिली आहेत. ताई, उद्या संध्याकाळपर्यंत पुढील गोष्टी पाठव. तू नर्सिंग करतेस त्या हॉस्पिटल-जहाजाची माहिती. पेशंटचे ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे फोटो (मोठे पाहिजेत, प्रोजेक्टरवर लावायचेत). सुवार्ता कशी सांगितलीस ते. आणि आतापर्यंत किती जण प्रभूकडे आले तो आकडा. तिकिटाला मंडळीने हातभार लावलाय, लोक विचारतात.

नगरची आत्या: भाऊ, आधी पोरीला जेवलीस का विचार.

भाऊकाका: सकाळीच विचारलं होतं.

आई: तिची रात्रपाळी झाली. झोपली असेल. तिकडे आत्ता दुपार आहे. आपण साडेपाच तास पुढे.

दाजी: काका, राग मानू नका, एक विचारतो. आकडा म्हणजे नक्की काय मोजायचं? बरे झालेले, की बदललेले?

मधली: झालं सुरू.

दाजी: अगं भांडत नाहीये. ताईंचं मला कौतुकच आहे. बिनपगारी, स्वतः तिकिटाची सोय करून आफ्रिकेत जाऊन राहणं खायचं काम नाही. पण खाटेवर पडलेला माणूस ‘नको’ म्हणू शकतो का? जी बाई तुमच्या पोरीची जखम धुते तिला तुम्ही कशालाच नाही म्हणणार नाही. एवढाच माझा मुद्दा.

भाऊकाका: जावईबापू, जबरदस्ती कुणीच करत नाही. पण प्रभूने ‘जा’ म्हटलंय. ‘जाऊन गप्प बसा’ असं म्हटलेलं नाही. आपल्या कवी ना. वा. टिळकांचंच घ्या. नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. आगगाडीत एका गोऱ्या साहेबाने गप्पा मारत मारत बायबलचा नवा करार हातात ठेवला. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो साहेब खिडकीबाहेर बघत बसला असता तर आपल्याकडे भजनं कुणाची म्हटली असती?

नगरची आत्या: जावयाचं अगदीच खोटं नाही हो भाऊ. ७२ च्या दुष्काळात मिशनच्या आवारात सुकडी आणि दुधाची पावडर मिळायची. सगळ्यांनाच मिळायची, रांगेत आख्खं गाव असायचं. पण शाळेत ‘पावडरवाले’ म्हणायचे ते आपल्याला. मी पावडरचं दूध आजही पीत नाही. आणि आपल्या घरात पहिला बाप्तिस्मा पणजोबांचा, दुष्काळाच्या कितीतरी आधीचा. त्यांना कुणी काही दिलं नव्हतं. मिशन शाळेचे मास्तर आमच्या ओसरीवर टेकले आणि आमच्या भांड्यातून चहा प्यायले. त्या काळी आमच्या हातचं पाणी कुणाला चालायचं? मास्तर दोन वर्षं नुसते चहाला येत होते. आजी सांगायची, गूळ संपायचा पण मास्तरांचं बोलणं संपायचं नाही.

मिरजेची मावशी: आमच्या मिरजेचे वान्लेस साहेब कॅनडाचे. १८८९ ला आले, १८९४ ला दवाखाना उघडला. त्यांनी बरी केलेली माणसं हिंदू होती ती हिंदूच राहिली, मुसलमान होती ती मुसलमानच. तरी कुणी पाय मागे घेतला नाही, उलट गावोगावहून बैलगाड्या येत राहिल्या. मी ट्रेनिंगला होते तेव्हा टेबलावर घेण्याआधी आम्ही प्रार्थना करायचो. पेशंटला आधी विचारायचो. एक आजोबा म्हणाले, तुम्ही तुमच्या देवाला सांगा, मी माझ्या विठोबाला सांगतो, दोघांनी मिळून बघू दे.

छोटू: (हसण्याचं स्टिकर)

ताई: सगळ्यांना सलाम. उठले. १४१ मेसेज?? बरं, त्यात ९० छोटूची स्टिकर्स आहेत.

काका, जहाजाची माहिती सोपी आहे, ती आधी देते. नाव ग्लोबल मर्सी. मर्सी शिप्स ही संस्था १९७८ पासून असं काम करते. जहाज १७४ मीटर लांब, आत ६ ऑपरेशन थिएटरं, २०० च्या आसपास खाटा. आम्ही सिएरा लिओनच्या फ्रीटाऊन बंदरात उभे आहोत. सगळं फुकट होतं. धर्म विचारून कुणाला खाट मिळत नाही. इथे बहुतेक लोक मुसलमान आहेत, पण एकाच घरात एक भाऊ मशिदीत आणि दुसरा चर्चमध्ये हे सर्रास. त्यावरून भांडणं होत नाहीत. रक्तपेढी आमचीच. म्हणजे आम्हीच. गरज पडली की स्टाफमधल्या जुळणाऱ्या गटाच्या माणसाला बोलावतात आणि तिथल्या तिथे काढून देतात. माझी बाटली गेली गेल्या मंगळवारी. कुणाला ते मला माहीत नाही.

आई: रक्त दिलंस?? मला सांगितलं नाहीस.

ताई: आई, म्हणूनच नाही सांगितलं.

आता आकडा. काका, हे वाचून तुम्ही चिडणार. मागच्या महिन्यात मी तुम्हाला लिहिलं होतं ना की ‘एक जण प्रभूकडे आला’? तो मागे घ्या.

भाऊकाका: म्हणजे?

भाऊकाका: मी ते उपकारस्तुतीच्या दिवशी वाचून दाखवलंय. टाळ्या झाल्या.

ताई: माहीत आहे. व्हिडिओ पाहिला. तेव्हापासून पोटात गोळा आहे.

तो काका गलगंडाचा पेशंट होता. मानेवर नारळाएवढी गाठ, कित्येक वर्षांची. ऑपरेशन झालं, शुद्धीवर आला, मी खाटेपाशी बसले, प्रार्थना करू का विचारलं. ‘यस, सिस्टर.’ येशूला मानतोस का? ‘यस, सिस्टर.’ मला आकाश ठेंगणं. तुम्हाला लगेच मेसेज टाकला. दुसऱ्या दिवशी मी त्याला गोळी दिली, ‘यस, सिस्टर.’ लापशी आणू? ‘यस, सिस्टर.’ नळी काढू? ‘यस, सिस्टर.’ आवाज तोच, मान हलवणं तेच. गुरुवारी त्याची बायको आली, तेव्हा कळलं त्याला लापशी अजिबात आवडत नाही. आठवडाभर मुकाट्याने खात होता बिचारा.

दाजी, तुमचा मुद्दा मला तिथेच कळला. तुम्ही आज मांडलात एवढंच.

दाजी: ताई, मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं.

ताई: दुखलं नाही. मी तेव्हापासून एक ठरवलंय. ज्याची पट्टी माझ्या हातात आहे त्याच्याकडे विषय मी काढायचा नाही. त्याने विचारलं तर मात्र लपवायचं नाही. काका, बायबलमधलं पेत्राचं पत्र काढून बघा. कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेने, असंच आहे. विचारणाऱ्याला!

भाऊकाका: आणि टिळकांचा साहेब? टिळकांनी कुठे विचारलं होतं?

ताई: साहेब टिळकांचा डॉक्टर नव्हता, काका. टिळकांना पुढच्या स्टेशनवर उतरता येत होतं.

मधली: 👏

भाऊकाका: बरं. पण मग तिथे जाऊन नुसतं बँडेज बांधायचं असेल तर ते नगरलाही बांधता येतं.

ताई: एक गोष्ट सांगते, लांब आहे. आत्या, तू चष्मा लाव.

एक नऊ वर्षांची पोरगी आहे. तान्ही असताना तीन दगडांच्या चुलीत हात गेला. जखम भरली ती कोपर दुमडूनच, कातडी आखडली. आठ वर्षं हात छातीशी चिकटलेला. इथे कोपर सोडवलं, मांडीची कातडी लावली. आता रोज व्यायाम. फिजिओवाली तिला भिंतीवर चिकटवायला स्टिकर देते, रोज कालच्यापेक्षा बोटभर वर. रडते, शिव्या देते, चिकटवते.

तिची आई पहिले दहा दिवस माझ्याशी बोलली नाही. मी ‘आव दी बॉडी?’ विचारायचे. क्रिओ या इथल्या भाषेत ‘कशी आहेस’ला असंच म्हणतात, शरीर कसं आहे. त्यावर इथे सगळेच म्हणतात, ‘आ टेल गॉड टेंकी.’ देवाचे आभार मानते. मुसलमान काय, ख्रिस्ती काय, उत्तर एकच. ती तेवढं म्हणायची आणि तोंड फिरवायची.

मग एक दिवस म्हणाली, तुझे केस काय हे, बस इकडे. दोन तास वेण्या घातल्या. बारीक, डोक्याला चिकटून. इतक्या घट्ट की त्या रात्री मला उशीवर डोकं ठेवता येईना, पालथी झोपले. आणि वेण्या घालता घालता ती बोलायला लागली. २०१४ ला इबोला आला तेव्हा कुणी कुणाला हात लावायचा नाही असा नियम होता. हस्तांदोलन नाही, मिठी नाही. तिची थोरली बहीण त्यात गेली. मयताला घरच्या बायकांनी अंघोळ घालायची ही त्यांची रीत. ती घालू दिली नाही. पांढऱ्या सूटमधली माणसं आली आणि पिशवीतून घेऊन गेली. म्हणाली, माझे हात तेव्हापासून रिकामे आहेत. हे ती माझ्या डोक्यात बोटं फिरवत सांगत होती. मी काय बोलणार? बसून राहिले.

नगरची आत्या: अगं बाई.

ताई: त्यानंतर रोज आमचं कायतरी चालू झालं. तिने मला कसाव्याच्या पाल्याची भाजी खायला घातली. पाम तेलात, भातावर. आत्या, दिसायला डिट्टो अळूचं फदफदं. ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो त्याचाच हा पाला. मी तिला साबुदाण्याच्या खिचडीचा फोटो दाखवला तर हसून लोळली. म्हणे, कसाव्याचे मोती करून खाता? एवढा वेळ असतो तुम्हाला?

एकदा विचारलं, तुला पगार किती? म्हटलं नाही मिळत. मग नवरा पैसे पाठवतो? म्हटलं नवरा नाही. त्यावर ती जी सुरू झाली ती थेट आत्याच!

नगरची आत्या: शहाणी आहे बाई.

ताई: शेवटी म्हणाली, पगार नाही, नवरा नाही, मग तुला पाठवलं कुणी? हा प्रश्न तिचा. मी तिला गिरिप्रवचन वगैरे काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, येशूपुढे एक कुष्ठरोगी आला. येशूने आधी त्याला हात लावला, मग बरं केलं. दुरून नुसतं बोलला असता तरी चाललं असतं. तो हात लावणारा देव मला आवडतो, त्याच्यासाठी आले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ईसा आमच्या कुराणातही आहे, आंधळे आणि कुष्ठरोगी बरे करतो. पण आधी हात लावला हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

झालं. एवढंच बोलणं झालं. मग पोरीची व्यायामाची वेळ झाली.

भाऊकाका: पुढे?

ताई: पुढे काही नाही. ती पाच वेळा नमाज पढते. मी डॉक्टरांचा राऊंड असेल तर तिला खुणेने सांगते, थोडं थांब. रक्त दिलं त्या दिवशी मला चक्कर आल्यासारखं झालं, तर तिने माझ्या डोक्यावर हात ठेवून तिची प्रार्थना म्हटली. मी तिला थांबवलं नाही. मला बरं वाटलं, खरं सांगते. आता तुमच्या वहीत हे कुठल्या रकान्यात घालणार? ती माझ्याकडे आली की मी तिच्याकडे गेले?

दाजी: ताई, मी यावर काही बोलत नाही. एकच. उद्या तिने म्हटलं की मला येशूचं अजून सांग, तर सांगाल?

ताई: हो. आनंदाने. रात्रभर सांगेन. मी काही तटस्थ नाहीये दाजी, उगाच मोठेपणा नको. माझ्या जीवाला जे सापडलंय ते मैत्रिणीला सापडावं असं मला वाटतंच. तिलाही माझ्याबद्दल तेच वाटतं, ती तिच्या रमजानला मला बोलावते. दोघींना माहीत आहे. म्हणून तर जमतं. फक्त ती पोरीचा हात सरळ करून घरी गेलेली असावी. मग तिने मला सरळ नाही म्हटलं तरी तिचं काही अडणार नाही.

मिरजेची मावशी: आमच्या मेट्रन असं बोलायच्या. 🙏

भाऊकाका: फोटोंचं काय?

ताई: पोरीचे नाही पाठवत, काका. तिच्या आईने मला दिलेत ते मैत्रीण म्हणून. आधीचा फोटो बघवत नाही तिचा. प्रोजेक्टरवर तर नकोच.

भाऊकाका: मग लोकांना दाखवू काय? १० मिनिटं आहेत.

(ताईने व्हॉइस मेसेज पाठवला, ० मिनिटं १९ सेकंद)

आई: कोण बोलतंय? मला काही कळलं नाही. मागे भांडी वाजतायत.

ताई: तीच. काल संध्याकाळी मी तुमचं सगळ्यांचं नाव घेत होते, तर म्हणाली मला बोलायचंय. ‘कुशे’ म्हणजे नमस्कार. मग विचारतेय, तुमचं शरीर कसं आहे. शेवटी पोरगी ओरडतेय ती व्यायामाला. आणि काका, अगदी शेवटचा शब्द ऐका. ‘सलाम.’ मी तिला सांगितलं होतं की आमच्या मंडळीतही एकमेकांना सलामच म्हणतात. तिला खरं वाटेना.

(बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. छोटूने एक स्टिकर टाकलं आणि डिलीट केलं.)

भाऊकाका: तीनदा ऐकला.

भाऊकाका: हा मंडळीत वाजवला तर चालेल का? तिला विचारून सांग. नाही म्हणाली तर नको.

ताई: विचारते. ती नाही म्हणू शकते, आता पट्टी दुसऱ्या वॉर्डकडे आहे.

भाऊकाका: आणि तो मागचा ‘एक जण’. ते रविवारी मलाच उभं राहून दुरुस्त करावं लागेल. पंच कमिटीत चार जण दात काढतील.

दाजी: काका, मी येतो रविवारी. मागच्या बाकावर बसतो.

भाऊकाका: या. पुढेच बसा, मागचा पंखा बंद आहे. ताई, त्या लापशीवाल्याची तब्येत कशी आहे?

ताई: घरी गेला. जाताना म्हणाला, सिस्टर, आता भात मिळेल.

भाऊकाका: बरं. फोटो तेवढा जहाजाचा पाठव. मोठा.

नगरची आत्या: आणि जेवलीस का ते अजून सांगितलं नाहीस.