@@नेस्टलेव्हलचा आकडा एकाने जास्त का येतो?
एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये @@नेस्टलेव्हल छापलं की प्रोसिजर (साठवून ठेवलेला कोड) किती आत, म्हणजे एकातून दुसरी अशा कितव्या पातळीवर, चालू आहे ते कळतं. पण एक मेख आहे. तेच @@नेस्टलेव्हल स्ट्रिंगमध्ये (मजकूर म्हणून लिहिलेल्या कोडमध्ये) घालून एक्झेक या कमांडने चालवलं तर आकडा १ ने वाढतो आणि एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएल या तयार प्रोसिजरने चालवलं तर २ ने. माझा यात अख्खा अर्धा दिवस गेला होता! अशा एकात एक पातळ्यांची मर्यादा ३२ ची. ओलांडली की एरर २१७.

ट्रिगरच (टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा कोड) स्वतःला पुन्हा उठवतोय अशी शंका असेल तर मात्र ट्रिगर_नेस्टलेव्हल() बघा. त्याला ट्रिगरचा ऑब्जेक्ट आयडी (डेटाबेसमधला त्याचा ओळख क्रमांक) दिला की फक्त त्याच ट्रिगरच्या फेऱ्या मोजल्या जातात. आम्ही तर १ पेक्षा जास्त आलं की सरळ रिटर्न करतो, म्हणजे ट्रिगरमधून तिथेच बाहेर पडतो.