टीव्हीवर अर्धेच फोटो दिसतायत

मावशी: पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला, पण अर्धेच फोटो दिसतायत. बाकीच्यांच्या जागी राखाडी चौकोन. टीव्ही बिघडला का?

मामा: फॅक्टरी रीसेट मारून बघ.

दादा: मामा, रीसेट नको! वायफाय, सगळ्या ॲपची लॉगिन परत टाकत बसावं लागेल आणि फोटो तसेच राहतील. मावशी, न दिसणारे फोटो कुणाच्या फोनमधले आहेत?

मावशी: बहुतेक ताईच्या आयफोनचे.

दादा: मग टीव्ही ठणठणीत आहे. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन फोटो एचईआयसी प्रकारात साठवतो. त्याने जागा बरीच वाचते, पण खूपसे टीव्ही यूएसबीवरून तो प्रकार वाचतच नाहीत. त्यांना जेपीईजी, म्हणजे नेहमीचा जेपीजी प्रकार लागतो.

ताई: फाइलच्या नावात शेवटी जेपीजी लिहिलं तर?

दादा: नाही गं, नाव बदललं तरी आतला डेटा तोच राहतो. फोटो उघडून जेपीईजी म्हणून एक्स्पोर्ट करावा लागतो. आणि इथून पुढच्यासाठी फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवड. जुने फोटो मात्र त्याने बदलणार नाहीत.

ताई: व्हॉट्सॲपवर पाठवून परत उतरवले तर?

दादा: दिसतील, पण साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान होतो. फोरके टीव्हीचा पडदा ३८४० × २१६० पिक्सेलचा, त्यावर चेहरे मऊ, पुसट दिसतात. इतके छान फोटो आहेत, त्यांचं असं नको व्हायला.

मामा: माझे तर जेपीजीच आहेत, तरी काही उघडत नाहीत.

दादा: कॉम्प्युटरवर एडिट केलेत का? मग ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणून सेव्ह झाले असतील. जेपीईजी सेव्ह करायच्या दोन पद्धती असतात, प्रोग्रेसिव्ह आणि बेसलाइन; काही टीव्ही फक्त ‘बेसलाइन’ जेपीईजी उघडतात. सेव्ह करताना तो पर्याय बघा.

मावशी: आणि काही फोटो आडवे झोपलेत, त्याचं काय?

दादा: फोन बऱ्याचदा फोटो प्रत्यक्षात फिरवत नाही, ‘हा असा फिरवून दाखवा’ एवढी नोंद फाइलमध्ये ठेवतो. फोन ती नोंद वाचतो, तुझा टीव्ही वाचत नसावा. एडिटरमध्ये सरळ करून नवीन प्रत सेव्ह केलीस की बहुतेक वेळा काम होतं.

ताई: दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या?

दादा: त्या राहू देत. फोनच्या फोटोच्या रुंदी-उंचीचं प्रमाण सहसा ४:३, टीव्हीचं १६:९. पडदा भरायला झूम केलंस की वरची डोकी कापली जातात.

मावशी: बरं. मग पेन ड्राइव्हवरचे जुने काढून टाकू का?

दादा: आधी ताईच्या फोनमध्ये मूळ फोटो आहेत ना, ते बघ. मूळ एचईआयसी जपूनच ठेवायचे, जेपीईजी फक्त टीव्हीसाठी.

ताई: आहेत सगळे. मी रात्री एक्स्पोर्ट करून देते, मावशी. तोवर काही डिलीट करू नकोस.