वजन उतरवायला हार्ट रेट मॉनिटर खरंच लागतो का?

मंडळी, सल्ला हवा आहे. वय ४३. वजन ८२ वरून ७८ वर आलं आणि गेले सात आठवडे तिथेच ठाण मांडून बसलंय. आठवड्यातून पाच दिवस ट्रेडमिलवर ४५ मिनिटं भरभर चालते. काय खाल्लं ते लिहून ठेवते, बऱ्यापैकी प्रामाणिकपणे. ओळखीतले सगळे म्हणतात, हार्ट रेट मॉनिटर घे, त्याशिवाय सगळं अंदाजपंचे.

घेण्याआधी बहिणीचं घड्याळ दहा दिवसांसाठी उसनं आणलं आणि तिथेच घोळ सुरू झाला. परवाचंच सांगते. वेग ५.५, चढ शून्य, ४५ मिनिटं. उतरले तेव्हा ट्रेडमिल म्हणतेय ३१० कॅलरी, घड्याळ म्हणतंय १७२. चालणारी मी एकच! कुणाचं खरं धरू? ट्रेडमिलचं धरलं की संध्याकाळी दोन घास जास्त खायची सोय होते, म्हणून आजवर मी तिच्याच बाजूने होते. कबूल करते.

दुसरं म्हणजे भिंतीवरचा तक्ता. २२० वजा वय, म्हणजे माझे १७७. त्याचे ६० ते ७० टक्के, म्हणजे १०६ ते १२४, हा 'फॅट बर्न झोन'. आणि मी दहा दिवसांत एकदाही १०६ ला शिवले नाही. शंभर, एकशे दोन, फार तर एकशे चार. इकडे श्वास असा लागलेला की शेजारच्या मशिनवरच्या बाईंनी काही विचारलं तर मी नुसती मान हलवली. घड्याळ खोटं बोलत असेल म्हणून उतरल्या उतरल्या मनगटावर बोटं ठेवून मोजलं. १५ सेकंदांत २६. म्हणजे १०४च. मग माझी चरबी जळतच नाहीये का? वेग वाढवला तर गुडघा कुरकुरतो.

तर छातीचा पट्टा घेऊ, मनगटी घेऊ, की काहीच नको? घरात व्यायामाची सायकल आणून झाली आहे. सध्या तिच्यावर टॉवेल वाळतात. त्यामुळे आणखी एक वस्तू आणताना जरा दचकायला होतं.

पट्टेवाला:
(आयडी हुद्द्यावरून नाही, छातीवरच्या पट्ट्यावरून आहे.) पट्टा हृदयाचा विद्युत संकेत टिपतो. मनगटी घड्याळ कातडीवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताचा चढउतार बघतं. चालण्यासाठी मनगटी पुरतं. झटके देत केलेल्या व्यायामात किंवा वजनं उचलताना ते मागे पडतं, आणि धावताना कधीकधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजत बसतं. सैल बांधलं तर विचारूच नका. पट्ट्याचं गणित वेगळं: आतल्या बाजूचे दोन रबरी चौकोन पाण्याने ओले करून बांधायचा. मी पहिला आठवडा कोरडाच बांधत होतो. जिना चढण्याआधीच १९० दिसले आणि मी पायरीवर बसून राहिलो. तुमचं घड्याळ मात्र हाताच्या मोजणीशी जुळतंय, म्हणजे यंत्रात खोट नाही.

काठावरपास:
घेतलं. तीन आठवडे मिनिटामिनिटाला बघितलं. चौथ्या आठवड्यात चार्जर हरवला. वजन तेवढंच आहे.

सावकाश_जाशील:
ठोके आणि कॅलरी या दोन गोष्टी वेगळ्या करा, अर्धा घोळ मिटेल. ठोके मोजले जातात. कॅलरी मोजल्या जात नाहीत. वय, वजन, ठोके घेऊन सूत्रातून काढल्या जातात. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मनगटावरची सात यंत्रं तपासली होती. सहा यंत्रांची ठोक्यांमधली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सगळ्यात बऱ्या यंत्राची सरासरी चूक २७ टक्के आणि सगळ्यात वाईटाची ९३!

तुमचंच गणित करू. सपाटावर ५.५ ने चालण्याचं जे नेहमीचं सूत्र आहे, त्यात ७८ किलो आणि ४५ मिनिटं घातली की २१० च्या आसपास येतं. दांडा धरून चालत असाल तर त्याहून कमी, मशिनला ते कळत नाही. शिवाय नुसतं बसूनही माणूस तासाला किलोमागे साधारण एक कॅलरी जाळतो, म्हणजे या २१० मधल्या ५८ तशाही गेल्याच असत्या. चालण्याची खरी कमाई १५० च्या घरातली. तुम्ही जर ३१० धरून तेवढं परत खात असाल, तर रोज १६०, आठवड्याला ८००, सात आठवड्यांत ५६००. किलोभर चरबीला ७७०० धरतात. पाऊण किलो इथेच मुरलं की हो.

'फॅट बर्न झोन'चं नाव डोक्यातून काढा. हळू व्यायामात इंधनात चरबीचा वाटा टक्क्यांनी जास्त असतो, एवढाच त्याचा अर्थ. झोपेतही तो वाटा मोठाच असतो, म्हणून कुणी झोपून बारीक होत नाही.

रात्रपाळी:
मला वेगळीच शंका येतेय. नर्सिंगमध्ये आहे म्हणून विचारते. ताई, बोलता येईना इतकी धाप आणि ठोके १०४? २२० वजा वय ही सरासरी आहे, एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत १०-१२ ठोक्यांचा फरक सहज पडतो, हे मान्य. तरीही हे फारच खाली वाटतंय. रक्तदाबाची वगैरे कसली गोळी चालू आहे का?

धागाकर्ती:
हो, दोन वर्षं झाली, सकाळी एक. त्याचा इथे काय संबंध म्हणून लिहिलंच नाही. आत्ता पाकीट बघितलं, नावाच्या शेवटी 'लॉल' आहे.

रात्रपाळी:
मग सापडलं. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, प्रोप्रानोलॉल ही सगळी बीटा ब्लॉकर मंडळी. त्यांचं कामच मुळी ठोक्यांना लगाम घालणं. तुम्ही कितीही जोर लावा, आकडा इतरांइतका वर चढणार नाही. भिंतीवरचा तक्ता ही गोळी न घेणाऱ्यांसाठी आहे. घड्याळाला गोळी माहीत नाही, त्याला वाटतं बाई आरामात फिरतायत, म्हणून ते १७२ लिहून मोकळं होतं.

गोळी स्वतःच्या मनाने कमी किंवा बंद करू नका, एकदम बंद केली तर धोका असतो. आणि तक्त्यातला आकडा गाठायला वेग तर मुळीच वाढवू नका. डॉक्टरांना या चालण्याबद्दल आणि धापेबद्दल सांगा. छातीत दुखणं, चक्कर असं काही असेल तर आजच. अशा वेळी आम्ही श्वासावर जा म्हणतो: वाक्य बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. किंवा बोर्ग यांची ६ ते २० ची श्रमपट्टी वापरा, तीत १२ ते १४ म्हणजे मध्यम. मान हलवण्यापुरताच दम उरत असेल तर तुम्ही मध्यमच्या बऱ्याच पुढे आहात.

घंटी_वाजली:
सगळे नको म्हणतायत म्हणून मी हो म्हणतो. माझे सकाळी उठल्या उठल्याचे ठोके सहा महिन्यांत ७८ वरून ६६ वर आले. काटा हलत नव्हता तेव्हा त्या आकड्यानेच मला टिकवलं.

सावकाश_जाशील:
टिकवलं असेल, पण सगळ्यांना टिकवत नाही. पिट्सबर्ग विद्यापीठाचा २०१६ चा अभ्यास आहे, १८ ते ३५ वयाची मंडळी, दोन वर्षं. दंडावर बँड बांधणाऱ्यांचं सरासरी ३.५ किलो उतरलं, न बांधणाऱ्यांचं ५.९. तो बँड ठोके नव्हे, हालचाल मोजायचा, हे खरं. पण कॅलरीचा आकडा समोर आला की माणूस त्याची वसुली करतो, असा माझा आपला संशय. वर धागाकर्तीने कबुली दिलीच आहे. आणि सकाळचे ठोके मोजायला दोन बोटं पुरतात.

धागाकर्ती:
डॉक्टरांकडे जाऊन आले. ठोके कमी दिसण्याचं कारण गोळीच. ईसीजी काढला, ठीक आहे. गोळी तीच, वेग थोडा कमी, आणि बोलता येईल इतपतच चालायचं. ट्रेडमिलच्या आकड्यावर मी छोटा रुमाल टाकते आता. घड्याळ बहिणीला परत केलं, नवीन घेत नाहीये. दोन घासांची वसुली बंद करून दोन आठवडे झाले, काटा ७७.४ वर आहे. पाणी आहे की चरबी ते पुढच्या महिन्यात कळेल.

एकच राहिलं. डॉक्टर म्हणाले, चढ वाढवला तरी चालेल. २ ठेवला तर वेग किती करू?

पट्टेवाला:
४ वर आणा. तेवढ्या वेगातही २ टक्के चढावर मेहनत जवळपास सपाटावरच्या ५.५ इतकी होते. धाप लागली तर ३.५. दांडा मात्र सोडा, आणि पहिल्या दिवशी वीसच मिनिटं. गुडघ्याचं काय म्हणणं पडतं ते इथे कळवा.