नाबुक्कोची पहिली अबिगाइल्ले – स्ट्रेपोनीचा आवाज इतक्या लवकर का गेला?

षड्जपंचम:
काल इटालियन संगीतकार वेर्दीच्या ‘नाबुक्को’ या ऑपेराचं रेकॉर्डिंग पूर्ण बघितलं, त्यातल्या अबिगाइल्लेचा रोल डोक्यातून जातच नाहीये. शोधलं तर कळलं की ९ मार्च १८४२ ला मिलानच्या ला स्काला ऑपेरा हाउसात पहिल्या प्रयोगात तो जुझेप्पीना स्ट्रेपोनीने केला होता, वय फक्त २६, आणि १८४६ पर्यंत तिने स्टेजच सोडलं. इतक्या तरुण बाईचा आवाज असा कसा संपतो? आणि जिथे बघावं तिथे ‘वेर्दीची दुसरी बायको’ एवढंच लिहिलंय, फार वाईट वाटतं. तिच्या गाण्याबद्दल कोणी सांगेल का?

मंद्रसप्तक:
छान विषय काढलात. तिचा जन्म १८१५ चा, लोदी गावचा, वडील संगीतकार, ते १८३२ मध्ये गेले आणि मागे आई नि लहान भावंडं, म्हणजे मिलान कॉन्झर्व्हेटरीतून (संगीत विद्यालयातून) बाहेर पडल्या पडल्या घर हिच्या गाण्यावर चालणार होतं. १८३५ मध्ये त्रिएस्तला रोस्सिनीच्या ऑपेरात नाव झालं, त्याच वर्षी व्हिएन्ना, मग जी धावपळ सुरू झाली ती थांबलीच नाही. आज नॉर्मा, परवा लुचिया (दोन्ही ऑपेरांतल्या नायिकांचे रोल), आठवड्यात चार-पाच प्रयोग, माइक नाही, आणि गावोगावचा प्रवास घोडागाडीने! त्यात लग्नाशिवाय झालेली बाळंतपणं, अगदी दिवस भरत येईपर्यंत ती गात होती कारण काँट्रॅक्ट मोडलं तर पैसे बुडणार.

सूरवेडी:
मी स्वतः वेस्टर्न व्होकल शिकतेय. मला विचाराल तर दोष अबिगाइल्लेचाच, दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला वरच्या सा वरून एकदम दोन सप्तकं खाली उडी आहे, भलाभला गळा सोलून निघतो.

मंद्रसप्तक:
@सूरवेडी उडीबद्दल शंभर टक्के पटलं, पण आवाज त्याआधीच थकलेला होता हो. प्रीमियरच्या थोडंच आधी डॉक्टरांनी तिला तपासून गाणं थांबवायला सांगितलं होतं, तरी ती उभी राहिली. त्या सीझनला नाबुक्कोचे आठ प्रयोग झाले, शरद ऋतूत परत लावला तेव्हा ५७, पण अबिगाइल्ले दुसरीच होती, तेरेसा दे ज्युली. यश नाबुक्कोला मिळालं, हिला नाही, मला ते अजून खुपतं.

लेंटो:
पुढचं पण सांगायला हवं. १८४६ मध्ये ती पॅरिसला गेली आणि गाणं शिकवायला लागली, स्वतःच्या हिमतीवर. वेर्दी तिथे नंतर आला, १८४७ मध्ये. त्याच्या जेरुसलेम ऑपेराच्या हस्तलिखितात एका प्रेमगीताच्या ओळी आलटून पालटून दोघांच्या अक्षरात आहेत. मग इटलीत बुस्सेतोला बिनलग्नाचे एकत्र राहिले तर गावाने तिला वाळीतच टाकलं, लग्न थेट १८५९ मध्ये, साक्षीदार कोण तर गाडीवान आणि चर्चची घंटा वाजवणारा. वेर्दीचा फ्रेंच पत्रव्यवहार पण तीच सांभाळायची. १८९७ मध्ये गेली.

षड्जपंचम:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. तिचं रेकॉर्डिंग तर असणं शक्यच नाही, मग तिच्या रोल्सपैकी आधी काय ऐकू?

मंद्रसप्तक:
लुचियाचा वेडाचा सीन आधी, मग नॉर्मा, आणि त्यानंतर परत अबिगाइल्ले लावा. एकाच गळ्याकडून आठवडाभरात काय काय मागत होते ते लगेच कळेल.