लाइट गेल्यावर वर्डमधली समीकरणं चित्रासारखी झाली, पुन्हा एडिट कशी करायची?

दारव्हा_बारावीगणित
बारावी सायन्सच्या सराव प्रश्नपत्रिकांची एकच मोठी फाइल आहे. मजकूर कृतिदेव फॉन्टमध्ये. समीकरणं दोन प्रकारची: काही जुन्या प्रश्नपेढीतून उचललेली, वर्ड २००३ च्या काळातली, बाकीची वर्ड २०१६ मध्ये टाकलेली. सेव्ह होत असतानाच लाइट गेली. नंतर वर्डनं रिकव्हर करून दिलेली फाइल 'वर्ड ९७-२००३' प्रकारात सेव्ह झाली. आता वर 'कंपॅटिबिलिटी मोड' दिसतं, इक्वेशनचं बटण फिकट आहे. नव्या समीकरणांवर क्लिक केलं की चित्रासारखी चौकट येते. जुन्यांवर डबल-क्लिक केलं तर इक्वेशन एडिटर उपलब्ध नाही असा मेसेज. इंटिग्रेशन आणि मॅट्रिक्सचा भाग पुन्हा टाइप करायची वेळ येऊ नये, एवढंच पाहिजे.

कारंजा_डीटीपी
सर, आधी ही फाइल आहे तशी कॉपी करून बाजूला ठेवा आणि समीकरणांना हात लावू नका. ओढून लहान-मोठं करणं, कापून दुसरीकडे चिकटवणं, सगळं बंद.

तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत, औषधही वेगळं. कॉपीमध्ये ऑल्ट आणि एफ९ दाबा. जिथं महिरपी कंसात 'एम्बेड इक्वेशन डॉट ३' उमटेल ते जुन्या इक्वेशन एडिटरचं. 'एम्बेड इक्वेशन डॉट डीएसएमटी४' असेल तर मॅथटाइपचं, म्हणजे समीकरणं लिहायच्या वेगळ्या सॉफ्टवेअरचं. काहीच कोड न येता चित्र तसंच राहिलं तर ते बहुतेक तुमच्या नव्या समीकरणांपैकी. पुन्हा ऑल्ट-एफ९ दाबलं की पूर्ववत दिसेल.

नव्यांचं सोपं आहे. वर्ड २००७ पासूनची समीकरणं जुन्या डॉक फाइलमध्ये मावतच नाहीत, म्हणून सेव्ह करताना वर्ड त्यांची चित्रं करतं. फाइल, इन्फो, कन्व्हर्ट असं जा, डॉक्समध्ये (वर्डचा नवा फाइल प्रकार, .docx) नव्या नावानं सेव्ह करा, बंद करून पुन्हा उघडा. मधल्या काळात त्या चित्रांत बदल झाला नसेल तर ती परत समीकरणं होतात. नुसतं नाव बदलून शेवटी डॉक्स लिहिल्यानं काही होत नाही, कन्व्हर्टच करावं लागतं.

जुन्यांचा एडिटर मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०१८ च्या अपडेटमध्ये सुरक्षेच्या कारणानं काढून टाकला. त्याचा लाइट जाण्याशी संबंध नाही, तो मेसेज तुम्हाला आधीही आलाच असता. जुनी ईएक्सई कुठून तरी आणून टाकायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. त्याच भोकातून व्हायरस शिरत होते.

वाशीम_टायपिंग
जुन्यांसाठी पैसे खर्च करायची गरज नाही भाऊ. लिबरऑफिस फुकट आहे, एकदा डाउनलोड केलं की नेट नसलं तरी चालते. टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, मायक्रोसॉफ्ट ऑफिस इथं जा. 'मॅथटाइप टू लिबरऑफिस मॅथ' या ओळीत पहिल्या रकान्यात, म्हणजे लोडच्या, टिक आहे का पाहा. मग फाइल उघडा. समीकरणावर डबल-क्लिक केलं की खाली त्याचा कोड दिसला पाहिजे. दिसला तर डॉक्समध्ये वेगळ्या नावानं सेव्ह करा. ती फाइल वर्डमध्ये उघडली की समीकरणं वर्डच्याच प्रकारची झालेली असतात.

आता खरी गोम. ही नवी फाइल प्रश्नपत्रिका म्हणून वापरू नका. दोन कॉलमची मांडणी, टॅब, प्रश्नांचे नंबर यातलं काही ना काही सरकतेच. तिला फक्त समीकरणांचं गोदाम समजा: दोन्ही फाइली वर्डमध्ये शेजारी उघडा आणि एकेक समीकरण उचलून कन्व्हर्ट केलेल्या मूळ फाइलमध्ये टाका. मॅट्रिक्सचे मोठे कंस, लिमिटच्या खालचा मजकूर आणि निश्चित इंटिग्रलच्या वरच्या-खालच्या मर्यादा प्रत्येक ठिकाणी डोळ्यांनी तपासा, रूपांतर तिथंच चुकते.

कोणाकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर तिथं जुन्या समीकरणावर डबल-क्लिक केल्यावर नव्या प्रकारात बदलायचं का असं विचारते, सगळ्यांना लागू करायची टिकही असते. मांडणी हलत नाही, म्हणून मिळत असेल तर तेच आधी करा.

दारव्हा_बारावीगणित
कन्व्हर्टनं नवी समीकरणं आली. लिबरऑफिसनं जुनी बहुतेक आली. काही जुनी मात्र नुसती चित्रंच आहेत, ऑल्ट-एफ९ नं कोडही येत नाही. शिवाय लाइट जायच्या आधीची मूळ डॉक्स सापडली, पण उघडताना सुरुवातीचा आणि शेवटचा टॅग जुळत नाही, 'लाइन २, कॉलम' अमुक असा एरर देते.

अचलपूर_एक्सएमएल
त्या डॉक्सवर 'रिकव्हर टेक्स्ट फ्रॉम एनी फाइल' बिलकुल चालवू नका. तो फक्त मजकूर काढते, समीकरणं न् चित्रं गेली समजा. हा एरर वर्ड २००७ आणि २०१० मध्ये सेव्ह झालेल्या फाइलींत ओळखीचा आहे: एकाच परिच्छेदात समीकरण आणि टेक्स्ट बॉक्स असला की ओमॅथचा, म्हणजे फाइलच्या आतल्या कोडमधल्या समीकरणाच्या खुणेचा, बंद टॅग चुकीच्या जागी पडते. म्हणजे आतला टॅग बंद व्हायच्या आधी बाहेरचा बंद.

डॉक्स म्हणजे झिपच. कॉपीचं नाव बदलून शेवटी झिप करा, सेव्हन-झिपनं उघडा, 'वर्ड' फोल्डरातली डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल बाहेर काढा. ब्राउझरमध्ये उघडली की पहिली चूक कुठं आहे ते दिसते. सगळा मजकूर एकाच लांब ओळीत असते, म्हणून एररमध्ये लाइन नेहमी २ आणि कॉलम लाखाच्या घरात. नोटपॅड++ मध्ये तिथं जाऊन बंद टॅगचा क्रम सरळ करा, सेव्ह करा, पुन्हा ब्राउझरमध्ये पाहा. दुसरी चूक निघेल, तीही दुरुस्त करा. शेवटी ती फाइल सेव्हन-झिपच्या खिडकीत त्याच जागी ओढून टाका. काढलेलं अख्खं फोल्डर नव्यानं झिप करू नका; फोल्डरात फोल्डर होते आणि वर्ड फाइलच ओळखत नाही.

त्याच झिपमध्ये 'एम्बेडिंग्ज' फोल्डर पाहा. तिथं ओएलई-ऑब्जेक्ट नावाच्या बिन फाइली (शेवटी .bin असलेल्या) असल्या तर जुन्या समीकरणांचा जीव शाबूत आहे, लिबरऑफिसला ही दुरुस्त डॉक्सच द्या. ते फोल्डर नसेल तर 'मीडिया' मधल्या डब्ल्यूएमएफ (विंडोजचा जुना चित्रप्रकार) चित्रांची पाळी. मॅथटाइपनं बनवलेल्या डब्ल्यूएमएफच्या आत समीकरण लपलेलं असते, मॅथटाइपमध्ये ओपन केलं की एडिट होते. पीएनजी किंवा जेपीजी असेल तर आत काही नाही, पुन्हा टाइप करणं आलं.

त्यासाठी माऊसनं साचे निवडत बसू नका. ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबा, अंश, तिरपी रेघ, छेद आणि स्पेस: अपूर्णांक तयार. घाताला टोपीचं चिन्ह, पादांकाला अंडरस्कोर, मोठा अंश-छेद साध्या कंसात. हात बसला की मॅट्रिक्स सोडून सगळं वेगानं होते.

कारंजा_डीटीपी
ऑप्शन्स, सेव्हमध्ये ऑटोरिकव्हर १० मिनिटांवर असतं, ते २ करा. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये 'ऑल्वेज क्रिएट बॅकअप कॉपी' ला टिक द्या, मग दर सेव्हला आधीची प्रत डब्ल्यूबीके म्हणून शेजारी राहते. आणि फाइल पेनड्राइव्हवरून थेट उघडून काम करू नका, आधी डिस्कवर घ्या.